गाडी तेल खाते तेव्हा : तासगाव भागातल्या ‘अ‍ॅव्हरेज’चा इतिहास

एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, हा प्रश्न तासगावच्या बाजारपेठेत गाडीच्या किमतीइतकाच महत्त्वाचा मानला जातो. अ‍ॅव्हरेज पडले की गाडी मिस्त्रीकडे जाते. पण ते का पडले, हे शोधण्याची रीत गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलली. इंधन कोणते, ते किती महाग आणि त्याचे मोजमाप कोणाच्या हातात, या तीन गोष्टी जशा बदलत गेल्या तशी दुरुस्तीही बदलली. त्यातही मोजमापाचा बदल सर्वांत परिणामकारक ठरला. ज्या काळात इंधन नीट मोजले गेले, त्या काळात बिघाडही नेमका सापडला.

तासगाव सांगलीपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. पुणे-मिरज लोहमार्ग गावाला पश्चिमेकडे ठेवून किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे असा जातो. त्यामुळे माणसे असोत वा माल, भिस्त पहिल्यापासून सडकेवर. पश्चिमेला कृष्णाकाठची काळी जमीन, तर पूर्वेला सावळज, मणेराजुरीकडचा कमी पावसाचा माळ. पूर्वेकडच्या कच्च्या रस्त्यांवरची धूळ हा इथल्या इंजिनांच्या आयुष्यातला कायमचा घटक होता, आणि अ‍ॅव्हरेजच्या तक्रारींचे एक मूळही त्याच धुळीत होते.

डबे, पट्टी आणि चालकाचा हात

मोटारी आल्या तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत या भागात खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावू लागल्या. गाड्या बहुतेक अमेरिकन. फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी १९२० च्या दशकात भारतात जुळणी सुरू केली. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला निघाला. पेट्रोल डब्यांतून येई आणि हिशेब गॅलनचा असे. एक इंग्लिश गॅलन म्हणजे साडेचार लिटरहून थोडे अधिक.

फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये पेट्रोलचा काटा नव्हता. टाकी पुढच्या बैठकीखाली असे. बैठक उचलायची, टोपण काढायचे आणि लाकडी पट्टी आत बुडवून ती किती ओली होते ते पाहायचे, हेच मोजमाप. पेट्रोल कार्बोरेटरकडे पंपाने नव्हे, उताराने वाहत असे. टाकीत थोडेच उरले असेल तर खड्या चढावर ते पुढे पोचत नसे आणि चालक गाडी उलटी फिरवून मागच्या मागे चढवत.

या गाडीत अ‍ॅव्हरेज जवळजवळ पूर्णपणे चालकाच्या हातात होते. पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण बदलणारी मूठ त्याच्यासमोर होती, तर ठिणगी किती आधी पडावी हे ठरवणारा दांडा सुकाणूच्या चक्राखाली. गाडी थंड असताना मिश्रण घट्ट ठेवायचे, तापली की पातळ करायचे, चढावर ठिणगी मागे घ्यायची, सपाटीला पुढे. ज्याला हे साधत नसे त्याच्या गाडीतून काळा धूर निघे आणि डबे लवकर रिकामे होत. चालक आणि मिस्त्री ही दोन माणसे अजून वेगळी झाली नव्हती.

कोळशावरच्या मोटारी

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारे तेल बंद पडले. खासगी सर्व्हिसवाल्यांपुढे गाडी उभी करणे किंवा ती कोळशावर चालवणे एवढेच मार्ग उरले. बसच्या मागे किंवा बाजूला एक उंच लोखंडी पिंप बसवले जाई. त्यात लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत धुमसत ठेवायचा आणि निघणारा वायू गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. या वायूतला जळणारा भाग मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन. उरलेला बराचसा न जळणारा नायट्रोजन.

इंजिनाची ताकद त्यामुळे एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटे. गाडी सुरू करण्याआधी हाताने पंखा फिरवून भट्टी पेटवावी लागे. मोठ्या चढावर उतारूंनी खाली उतरून चालावे, ही त्या काळातली नित्याची गोष्ट होती.

दुरुस्तीच्या इतिहासात हा काळ छोटा असला तरी महत्त्वाचा आहे. एका पोत्यात किती मैल, हा हिशेब मालक दररोज लावू लागले, आणि तो बिघडला की कारण तीन ठिकाणी शोधत: कोळसा ओला आहे का, गाळणीत राख आणि डांबर साचले आहे का, नळ्यांच्या सांध्यांतून हवा आत शिरते आहे का. इंधन, गाळणी आणि गळती या क्रमाने तपासायची ही शिस्त पुढे पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्यांनाही लागू पडली.

एसटीचे रजिस्टर

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढच्या काही वर्षांत खासगी सर्व्हिस मोटारींचे मार्ग एसटीकडे गेले. सुरुवातीचा ताफा बेडफर्ड, शेव्हरोले, फोर्डसन अशा नाना कंपन्यांच्या गाड्यांचा होता. १९५४ मध्ये टाटांनी डेमलर-बेंझच्या सहकार्याने डिझेल वाहने बनवायला सुरुवात केली आणि हळूहळू टाटा व लेलँड यांच्या डिझेल गाड्या सगळीकडे दिसू लागल्या.

एसटीने या विषयात आणलेली खरी नवी गोष्ट म्हणजे नोंद. आगारातच डिझेलचा पंप, गाडी परत आली की टाकी भरायची, किती लिटर गेले ते लिहायचे, फेरीचे किलोमीटर त्यासमोर मांडायचे. दहा लिटरला किती किलोमीटर, या मापाला एसटीत ‘केपीटीएल’ म्हणतात. साधारण ४५ ते ५० हा आकडा ठीक समजला जातो. हिशेब गाडीवार निघतो, तसा चालकवारही निघतो.

या दुहेरी नोंदीने निदानातली एक मोठी अडचण सोडवली. एकाच गाडीचा आकडा सगळ्या चालकांकडे पडला असेल तर दोष गाडीत. एकाच चालकाचा आकडा सगळ्या गाड्यांवर पडला असेल तर दोष चालवण्यात. पहिल्या प्रकारात गाडी कार्यशाळेत घ्यायची: चाके उचलून ब्रेक घासत नाहीत ना ते पाहायचे, हवा मोजायची, एअर फिल्टर काढायचा, नोझल तपासायचे. दुसऱ्या प्रकारात चालकाला समज किंवा प्रशिक्षण. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची युक्ती मात्र नियमाने बंद होती, कारण तशा गाडीला ब्रेकखेरीज आवरणारे काहीच उरत नाही.

तासगावलाही एसटीचे आगार झाले. आगारांच्या कार्यशाळांत शिकलेले हात पुढे खासगी गॅरेजांत आले, आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन बाहेर पडलेली मुलेही आली, आणि नोंद ठेवून बिघाड शोधण्याची सवय थोडीफार त्यांच्याबरोबर बाहेर आली.

कार्बोरेटरचा काळ

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत खासगी मोटार म्हणजे प्रामुख्याने १४८९ सीसीची अँबॅसेडर किंवा प्रीमियरची १०८९ सीसीची फियाट. तिसरी गाडी महिंद्राची पेट्रोल जीप. महिंद्राने विलिस जीपची जुळणी १९४९ मध्ये सुरू केली होती. तालुक्याच्या गावी अशा गाड्या मोजक्याच असत, डॉक्टर, वकील, ठेकेदार, बागायतदार आणि सरकारी कचेऱ्यांकडे. १९६० च्या आसपास दशमान पद्धत आली आणि गॅलनला मैलांऐवजी लिटरला किलोमीटर हा हिशेब रुळला.

पेट्रोल स्वस्त होते तोवर अ‍ॅव्हरेजची फारशी चर्चा नसे. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर दुसरा भडका उडाला. मधल्या काळात १९७८ मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन केली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवा, टायरमध्ये योग्य हवा ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, हा उपदेश तेव्हापासून पेट्रोल पंपांवरच्या फलकांवर दिसू लागला. जीपचे मोठे पेट्रोल इंजिन या भाववाढीत सर्वांत आधी परवडेनासे झाले.

याच काळात अ‍ॅव्हरेज काढून देणारा मिस्त्री हा स्वतंत्र लौकिकाचा माणूस झाला. त्याच्या कामाला ठरलेला क्रम होता. पहिला प्रश्न गाडी मालकाला: अ‍ॅव्हरेज एकदम पडले की हळूहळू? एकदम पडले असेल तर गळती, अडकलेला ब्रेक, बिघडलेला चोक किंवा कार्बोरेटरमधला फ्लोट यांचा संशय. हळूहळू पडले असेल तर झीज: रिंगा, व्हॉल्व्ह, पॉइंट, प्लग.

दुसरी पायरी मोजण्याची. टाकी काठोकाठ भरून, ठरावीक अंतर चालवून, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरणे ही एक रीत. दुसरी रीत लवकर उत्तर देणारी होती. टाकीकडून येणारी नळी सोडवून तिच्या जागी एक लिटर पेट्रोल भरलेला डबा जोडायचा, मीटरचा आकडा खडूने लिहून ठेवायचा, आणि गाडी बंद पडेपर्यंत एकाच वेगाने विटा किंवा सांगली रस्त्याला न्यायची. बंद पडली तिथला आकडा हेच उत्तर. अर्ध्याअधिक तक्रारी इथेच निकालात निघत, कारण मालकाचा अंदाज आणि मोजलेला आकडा यांत पुष्कळदा मेळ नसे.

तिसरी पायरी प्लग वाचण्याची. गाडी नीट तापवून, चालत्या स्थितीत इंजिन बंद करून चारही प्लग काढायचे आणि क्रमाने फडक्यावर मांडायचे. टोकाचा पांढरा चिनी मातीचा भाग तांबूस-करडा असेल तर जळण ठीक. बोटाला लागणारी कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येते आहे. ओली, तेलकट काजळी असेल तर रिंगांतून किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल वर चढते आहे, मग कार्बोरेटरला हात लावून उपयोग नाही. टोक फटफटीत पांढरे असेल तर मिश्रण फार पातळ किंवा इंजिन फार तापते आहे. चारांपैकी एकच काळा निघाला तर दोष त्या सिलिंडरपुरता. एकाच वेळी चार सिलिंडरची हकीकत सांगणारी याहून स्वस्त तपासणी तेव्हा नव्हती.

त्यानंतर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंट घासायचे किंवा बदलायचे, फिलर गेजने त्यांच्यातले अंतर लावायचे, टायमिंग जुळवायचे, टॅपेट सेट करायचे. जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवायचे. फिरवलेले चाक दोन-तीन फेरे न घेता थांबले तर ब्रेक धरतो आहे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने सरकत नाही, म्हणजे क्लच घसरतो आहे. हे सगळे झाल्यावर कार्बोरेटर. तो उघडायचा, जेट पेट्रोलने धुऊन हवेने साफ करायचे, फ्लोटची पातळी पाहायची, शेवटी मिश्रणाचा स्क्रू.

चांगला आणि सुमार मिस्त्री यांच्यातला फरक या शेवटच्या स्क्रूवर दिसे. सुमार मिस्त्री सुरुवातच तिथून करी. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे पंधरा पट हवा लागते. मिश्रण त्याहून बरेच पातळ केले की चार दिवस अ‍ॅव्हरेज वाढल्यासारखे वाटते, पण ताकद कमी पडते म्हणून पाय एक्सलरेटरवर जास्त दाबला जातो, जळण लांबते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतात. मग हेड उतरवावे लागे आणि वाचवलेल्या पेट्रोलच्या कित्येक पट खर्च होई.

दुसरी एक चुकीची रीत फार पसरली होती. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा. तापण्याचे खरे कारण गाळाने भरलेला रेडिएटर किंवा सैल पट्टा असे. थर्मोस्टॅट गेल्यावर इंजिन तापायला फार वेळ लागे, हिवाळ्यात ते कधीच पुरते तापत नसे, पेट्रोल थंड भिंतींवर ओले बसे, आणि अ‍ॅव्हरेज कायमचे घटे. हीच सवय पुढे इंजेक्शनच्या गाड्यांत आणखी महाग पडली.

डिझेल, पंपवाले आणि वडाप

डिझेल इंजिन या भागाला मोटारींआधी विहिरींवर परिचयाचे झाले होते. कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. नांगर, पंप, यंत्रे तिथून गावोगाव गेली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली. गावात वीज येईपर्यंत विहिरीवर ‘इंजिन’ बसवणे ही बागायतीची पहिली पायरी होती. नोझल, पंप, हवा काढणे या गोष्टी त्यामुळे शेतकऱ्याला ऐकून नव्हे, करून माहीत होत्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले कारखाने सुटे भाग आणि इंजिनकाम पुरवत होते.

जीपमधले पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवण्याचे काम भाववाढीनंतर जोरात चालले. कंपन्याही डिझेलकडे वळल्या. महिंद्राच्या जीपमध्ये पूझो बनावटीचे डिझेल इंजिन आले, बजाज टेम्पोची मॅटाडोर आणि नंतर ट्रॅक्स रस्त्यावर आल्या. डिझेल शेती आणि वाहतुकीसाठी सरकारी धोरणाने पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त ठेवले होते. शिवाय त्याचे अ‍ॅव्हरेजही जास्त. या दुहेरी फायद्यावर सांगली, सातारा, कोल्हापूर भागातला ‘वडाप’ उभा राहिला. एसटी ज्या वेळी नाही किंवा ज्या गावाला नाही, तिथे जीप, ट्रॅक्स, कमांडर खचाखच भरून नेणारी ही खासगी वाहतूक कायद्याच्या कडेकडेने चाले. तिच्या मालकाचे उत्पन्न तिकिटाच्या दरापेक्षा अ‍ॅव्हरेजवर ठरे, कारण दर सगळ्यांचा सारखाच असे.

या काळात डिझेलच्या पंप-नोझलचे काम करणारा कारागीर वेगळा झाला. बंगळूरची मायको ही कंपनी १९५१ पासून बॉशच्या सहकार्याने काम करत होती. तिचे पंप बहुतेक गाड्यांवर असल्याने गावोगाव ‘मायको पंप’ हा शब्द रूढ झाला. साधा मिस्त्री पंपाला हात लावत नसे. पंप उतरवून तो सांगलीला किंवा कोल्हापूरला पंपवाल्याकडे द्यायचा.

पंपवाल्याच्या टेबलावर नोझल तपासणीचे छोटे यंत्र असे. नोझल त्यात उलटे पकडायचे आणि दांडा हाताने दाबायचा. काट्यावर दाब चढत जातो आणि ठरलेल्या आकड्याला नोझल उघडते. चांगले नोझल उघडताना कर्कश तुटक आवाज करते आणि डिझेल धुक्यासारखे बारीक फेकते. बंद होताच टोक कोरडे. खराब नोझलमधून पिचकारी सुटते किंवा टोकाला थेंब लोंबतो. तो थेंब इंजिनात जळत नाही, काळा धूर होऊन बाहेर जातो, आणि त्यातला काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतो. नोझलनंतर पंप मोठ्या बेंचवर चढे. समोर ओळीने काचेच्या नळ्या. ठरावीक फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला किती डिझेल येते ते त्यांत दिसे. चारही नळ्यांची पातळी सारखी करणे म्हणजे पंप ‘कॅलिब्रेट’ करणे.

पंपावर जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा एक स्क्रू असतो आणि त्याला सील लावलेले असते. वडापचा ड्रायव्हर पिकअपसाठी ते सील तोडून स्क्रू सोडून घेई. भरलेली गाडी चढावर ओढू लागे, पण मागे काळ्या धुराचा लोट सुटे आणि अ‍ॅव्हरेज घसरे. मालकाला अ‍ॅव्हरेज हवे, ड्रायव्हरला पिकअप. हा वाद पंपवाल्याच्या टेबलावर नेहमी येई, आणि शहाणा पंपवाला दोघांना समोर बसवूनच स्क्रूला हात लावी.

धुळीचा प्रश्न डिझेलमध्ये आणखी तीव्र होता. त्या काळचे एअर फिल्टर ऑइलचे असत. तळाशी ऑइलची वाटी, आणि हवा त्यावरून जाताना धूळ त्यात चिकटे. माळावरच्या रस्त्यांना ही वाटी लवकर चिखलाने भरे. ती वेळेवर धुतली नाही तर हवा कमी पडून धूर होई. ऑइलच घातले नाही तर धूळ थेट आत जाऊन रिंगा आणि लायनर खाई. कॉम्प्रेशन गेलेल्या डिझेलला कोणताही पंपवाला अ‍ॅव्हरेज देऊ शकत नाही. त्याला बोअर-पिस्टनचे कामच करावे लागते.

तिसरे कारण भेसळीचे. रेशनचे रॉकेल स्वस्त असल्याने ते डिझेलमध्ये मिसळले जाई. ओळखू यावे म्हणून सरकारने रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला. रॉकेलमध्ये वंगणाचा अंश कमी असल्याने पंपाचे घासणारे भाग लवकर झिजत. पेट्रोलच्या भेसळीची साधी तपासणी आजही पंपावर मागता येते: गाळणकागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा, शुद्ध असेल तर तो मिनिट-दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून जातो. माप तपासण्यासाठी शिक्का मारलेले ५ लिटरचे माप प्रत्येक पंपावर ठेवावे लागते, आणि त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचाच फरक चालतो.

याच दशकांत तासगावचे पीक बदलले. द्राक्षबागा वाढल्या, बोरगावात निवडलेले ‘तास-ए-गणेश’ हे वाण राज्यभर गेले आणि तासगावची बाजार समिती बेदाण्याच्या सौद्यांसाठी प्रसिद्ध झाली. द्राक्षाचा माल हंगामात रोज हलवावा लागतो, थांबवता येत नाही. जीपमागोमाग टेम्पो आणि पिकअप आल्या. २००५ मध्ये टाटांची ‘एस’ आली आणि तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव पडले. ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेलवर चालणारी ही गाडी लहान बागायतदाराच्या आवाक्यात होती. तिच्यावर क्षमतेच्या दुप्पट माल लादून अ‍ॅव्हरेज कमी म्हणून मिस्त्रीकडे येणारे मालकही होते. तिथे दुरुस्त करण्याजोगे काही नसे.

मारुतीनंतर

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, हलके अंग. जिथे अँबॅसेडर लिटरला नऊ-दहा किलोमीटर देई तिथे ही गाडी सोळा ते अठरा सहज देऊ लागली. मोटारीच्या जाहिरातीतच अ‍ॅव्हरेजचा आकडा येऊ लागला आणि गिऱ्हाईक आकडा विचारूनच गाडी घेऊ लागले. १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाने डिझेलचे अ‍ॅव्हरेज लहान मोटारीत आणले.

तिकडे हवेच्या प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि उत्प्रेरक सायलेन्सर आले, २००० मध्ये शिसेविरहित पेट्रोल देशभर झाले आणि त्याच वर्षी नव्या गाड्यांना धुराचे नवे मानक लागले. कार्बोरेटरने ते पाळणे अवघड होते. त्याच्या जागी इंजेक्शन आले आणि मिश्रण ठरवण्याचे काम संगणकाकडे गेले. मिस्त्रीच्या हातातला स्क्रू नाहीसा झाला.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे हे संगणक सेन्सरच्या माहितीवरून ठरवतो: आत जाणारी हवा किती, पाण्याचे तापमान किती, धुरात प्राणवायू किती उरला. यातला एखादा सेन्सर खोटे सांगू लागला की गाडी चालते, पण तेल खाते. पाण्याचा सेन्सर इंजिन थंड आहे असे सांगत राहिला तर संगणक सकाळच्या चोकसारखे जास्त पेट्रोल सोडत राहतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी खोड इथे नडली. इंजिन खरोखरच थंड राहते, संगणक त्याप्रमाणे वागतो, आणि कोणत्याही सेन्सरमध्ये दोष सापडत नाही. अशा गाडीवर एकामागून एक सेन्सर बदलले जातात आणि अ‍ॅव्हरेज तिथेच राहते.

भारत स्टेज चारच्या मानकांबरोबर, २०१० नंतर, गाडीतच दोष नोंदवणारी यंत्रणा बंधनकारक झाली. डॅशबोर्डखालच्या खाचेत स्कॅनर लावला की दोषाचा क्रमांक दिसतो. गॅरेजला आता पान्यांच्या पेटीबरोबर स्कॅनर आणि लॅपटॉप लागू लागला. ज्यांना तो घेणे जमले नाही ते ब्रेक, क्लच, सस्पेन्शनच्या कामापुरते उरले. डिझेलमध्ये कॉमन रेल आल्यावर पंपवाल्यांचेही तसेच झाले: हजार बारच्या पुढचा दाब हाताच्या यंत्रावर तपासता येत नाही. त्यातच पेट्रोल-डिझेलच्या दरातले अंतर घटत गेले. पेट्रोल २०१० मध्ये आणि डिझेल २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, आणि २०२० मध्ये भारत स्टेज सहा लागू होताना मारुतीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले.

स्कॅनर क्रमांक सांगतो, कारण सांगत नाही. मिश्रण घट्ट असल्याचा क्रमांक आला म्हणून प्राणवायूचा सेन्सर बदलायचा, ही चूक सर्रास होते. प्रत्यक्षात गळके इंजेक्टर, तुंबलेला एअर फिल्टर किंवा जास्त झालेला पेट्रोलचा दाब यांपैकी काहीही असू शकते. ब्रेक धरला आहे, हवा कमी आहे, व्हील अलाइनमेंट बिघडले आहे, हे तर कोणताही इंजिन सेन्सर सांगत नाही.

प्रमाणपत्राचा आकडा आणि इथेनॉल

नव्या गाडीचा जाहीर आकडा १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांतल्या चाचणीतून येतो. गाडी रस्त्यावर न नेता रोलरवर चालवली जाते, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, एसी बंद असतो. हा आकडा गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी आहे. विट्याच्या रस्त्याला पाच माणसे आणि एसी घेऊन जाणाऱ्या गाडीने तो द्यावा अशी अपेक्षा धरली की नसलेल्या बिघाडाचा शोध सुरू होतो.

नव्या तक्रारींचे दुसरे कारण इंधनातच आहे. २०२२ च्या मध्यात देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचे प्रमाण गाठले गेले आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल येऊ लागले. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून होते, म्हणजे कृष्णाकाठच्या उसाचाही त्यात वाटा आहे. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या मोटारींचे अ‍ॅव्हरेज २० टक्क्यांच्या पेट्रोलवर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दिला होता. लिटरला १५ देणारी गाडी १४ देऊ लागली तर तो या हिशेबात बसतो. १५ वरून ११ वर आली तर दोष गाडीत आहे आणि तो शोधलाच पाहिजे. जुन्या गाड्यांत इथेनॉलने टाकीतला गंज आणि गाळ सुटून फिल्टर तुंबतो, रबरी नळ्या फुगतात. त्या बदलणे हेही आता अ‍ॅव्हरेजच्या कामात मोडते.

आजच्या गॅरेजात चांगल्या हाताखाली जो क्रम दिसतो त्यात वरच्या प्रत्येक काळाचा काही ना काही अंश आहे. आधी त्याच पंपावर टाकी भरून दोन-तीन वेळा अ‍ॅव्हरेज मोजणे आणि ओझे, रस्ता, एसी, चालक यांत काय बदलले ते विचारणे. मग टायरची हवा आणि चाकांची मोकळीक. मग एअर फिल्टर, प्लग, गळती आणि इंजिनाचे तापमान. त्यानंतर स्कॅनर लावून नुसते दोषाचे क्रमांक न पाहता चालत्या गाडीत सेन्सरचे आकडे वाचणे. इंजेक्टर, कॉम्प्रेशन आणि इंजिन उघडण्याची पाळी सर्वांत शेवटी. सुटा भाग बदलल्यावर पुन्हा त्याच रीतीने मोजले जाते. आकडा वाढला नसेल तर बदललेला भाग दोषी नव्हता, आणि शोध पुढच्या पायरीवर जातो.